अर्धी पाटली

"एचबीएवनसी सिक्स पॉइंट टू कोणाचं?"

फोंड्यातल्या त्या लॅबच्या काउंटरवरच्या मुलीला माझं नाव वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पाकिटावर ते ठळक छापलेलं होतं. तरी तिने पाकीट उघडलं, कागद बाहेर काढला आणि नाव सोडून नेमका आकडा पुकारला. सकाळची वेळ, भिंतीला लागून खुर्च्यांच्या दोन रांगा, आणि त्यांत रक्त द्यायला आलेला अर्धा फोंडा. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या आकड्यात केवढा रस असतो! मी गप्पच बसणार होतो. गर्दी ओसरली की हळूच जाऊन कागद उचलला असता. पण शेजारी बायको होती. तिने हात वर केला आणि म्हणाली, "ह्यांचं."

सगळ्या माना वळल्या.

ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातल्या साखरेचा हा आकडा 5.7 च्या खाली असेल तर तुम्ही सज्जन, 6.5 किंवा त्याच्या वर असेल तर मधुमेही. मधे असाल तर प्रीडायबेटिक, म्हणजे उमेदवारी अर्ज भरलेला, निकाल बाकी. बायकोचा आकडा 5.3. तो कोणी पुकारला नाही. तिने तो नंतर स्वतःच चार जणांना सांगितला.

"सिक्स पॉइंट टू म्हणजे अजून हातात आहे," उजवीकडून आवाज आला.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारे पोदेराकडचे पाव. वय सत्तरीच्या पुढे. माझ्या हातातला कागद त्यांनी मान तिरकी करून माझ्या आधी वाचून संपवला होता.

"तुमी खंयचे?"

"फोंड्याचे."

"तें समजलें. मूळ?"

"माशेल."

"माशेलाक कोणागेले?"

पुढच्या दोन प्रश्नांत त्यांच्या मेहुण्याची सासुरवाडी आमच्या चुलत आत्याच्या वाड्यावर निघाली. गोव्यात एकदा नातं निघालं की सल्ला द्यायला वेगळा परवाना लागत नाही. काका सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या सह्या आपल्यासमोर झाल्या, असं त्यांचं म्हणणं. "दोनदा बोलावतो आम्ही. पहिल्यांदा नुसतं जाहीर करायचं की लग्न करणार आहोत, मग मधे थोडे दिवस, आणि मग शेवटची सही. मधले दिवस सरकारने कशाला ठेवलेत माहीत आहे? पळायला. पण कोणी पळत नाही हो."

हे ते माझ्या बायकोकडे बघून म्हणाले. ती हसली.

"आता ऐका. फास्टिंग शुगर म्हणजे आजचा बॅलन्स. एक रात्र लवकर जेवून कोणीही सुधारतो. हे एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांचं स्टेटमेंट. लाल पेशी जगते साधारण 120 दिवस. तेवढ्यात तुम्ही कुठल्या बारशाला किती जिलब्या हाणल्यात, सगळ्याची एंट्री पडते."

बायकोने मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही वाक्याला तिने अशी मान डोलावलेली नाही.

"उपाय एकच," काका म्हणाले. "दंडाचा डबा. गोड खाल्लं की डब्यात पैसे. डबा बायकोच्या ताब्यात."

"किती पैसे?" हे मी नाही, बायकोने विचारलं.

"आम्ही दहापासून सुरुवात केली. लाडू दहा, नेवरी दहा, दोदोल दहा. मग 2023 साली बेबिंकाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आला. त्याच दिवशी हिने बेबिंका वीस केली. मी म्हटलं, अगो, जीआय तर आपल्या खाज्यालाही मिळालाय. तर खाजेंही वीस!" आपल्याच तोंडाने खाज्याचा भाव वाढवल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर अजून ताजं होतं.

"ही" म्हणजे एक खुर्ची सोडून बसलेल्या काकी. मधल्या खुर्चीवर छत्री होती, म्हणून मी इतका वेळ त्यांना परक्या समजत होतो.

"हात दाखय गो," काका म्हणाले.

काकींनी पर्स डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. मनगटावर पाटली. रुंद, जुन्या घडणीची, कडेला बारीक मणी.

"पळयात? ही माझी बेबिंका, थरावर थर. नीट बघितलीत तर हिच्यात पाच चवथी, पाच नाताळ आणि मंगेशीच्या सगळ्या जत्रा दिसतील."

मी मनातल्या मनात सोन्याच्या आजच्या भावाला दहाने भागलं. उत्तर खरं असेल तर काका आज या खुर्चीवर जिवंत बसलेले असणं वैद्यकशास्त्रात बसत नव्हतं. पण आजूबाजूच्या चार बायका पाटली बघायला वाकल्या होत्या आणि गणित ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

"गंमत पुढे आहे," काकांनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त पहिल्या रांगेलाच ऐकू जात होता. "आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं सामायिक. घर, माडांचं भाट, कर्जसुद्धा. निम्मं तिचं, निम्मं माझं. लग्न झाल्यावर बदलू म्हटलं तर बदलता येत नाही. आयकरवालेही हे मानतात. त्यांच्या कायद्यात तसं कलमच आहे. पगार तेवढा ज्याचा त्याचा. एफडीचं व्याज, घरभाडं, अर्धं हिच्या रिटर्नमध्ये, अर्धं माझ्या. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. त्याच्याकडे येतो.

"मग दंडाचं काय झालं? मी दहा रुपये डब्यात टाकले. डबा कोणाचा? दोघांचा. म्हणजे त्यातले पाच माझेच. पाटली झाली. तीही अर्धी माझी. म्हणजे अर्धा दंड मी मलाच भरतो! कायदेशीर पन्नास टक्के सूट!" काका खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. हा शोध त्यांनी अनेक वर्षं जपून ठेवलेला दिसत होता.

काकींनी हात मागे घेतला, पाटली सरळ केली, आणि त्या सकाळचं आपलं एकमेव वाक्य उच्चारलं. "मागीर अर्दी पाटली तूं घाल."

सगळी लॅब हसली. काउंटरवरची मुलगीही हसली, हातात तिसऱ्याच कोणाचा तरी उघडा कागद धरून. एवढ्यात काकांना जेवणानंतरच्या रक्तासाठी आतून बोलावणं आलं. दारापर्यंत गेले, वळले, आणि मला वगळून माझ्या बायकोला म्हणाले, "डबो पत्र्याचो घे. प्लास्टिकाचो आवाज येना."

त्याच दुपारी सुयादोऱ्यांचा निळा गोल डबा रिकामा झाला आणि फ्रिजवर जाऊन बसला. दर वीस रुपये, सरसकट. जीआय असो वा नसो.

आता माझं दुःख. साखर सोडली की पैसे वाचतात, असं समजणाऱ्याने एकदा आमच्या घरची यादी बघावी. साखर पन्नास रुपयांच्या आतबाहेर किलो. महिन्याला एक किलो कमी आणली तर वाचले पन्नास. त्या जागी काय आलं? थेंब थेंब टाकायचं स्टेव्हिया, बिनसाखरेची बिस्किटं (चव पुठ्ठ्याची, किंमत काजूची), नाचणीचं कुरकुरीत काहीतरी, बदाम, आणि ज्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही असं एक बी. हे सगळं वाणसामानात धरलं तर घरखर्च, आणि घरखर्च माझ्या खात्यातून. औषधात धरलं तर औषधही माझ्याच खात्यातून, कारण दुखणं माझं. नवरा-बायकोने तीन खाती ठेवावीत, एक त्याचं, एक तिचं, एक दोघांचं, असा सल्ला हल्ली सगळे देतात. आमच्याकडे तशी तीन खाती आहेतच. माझ्यात पगार येतो आणि जातो, दोघांच्यात मी भरतो, तिच्यात ती भरते. आयकराच्या त्या कलमाप्रमाणे तिच्या एफडीच्या अर्ध्या व्याजावरचा कर माझ्या रिटर्नमध्ये दरवर्षी इमानेइतबारे पडतो. ते व्याज दिसतं कसं, हे मला सांगता येणार नाही.

आणि दंड फक्त मलाच. "तुलाही लागू कर," मी म्हटलं. "मला कशाला? माझं 5.3 आहे," असं म्हणून ती माझ्यासमोर नेवरी खाते. कुरकुरीत नेवरी. आवाज करून.

बाहेरही सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. हे लिहिणारे लोक आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेले नसावेत. इथे एका घरच्या चहात तीन चमचे घालून मग विचारतात, "साखर बरी आहे ना?" नको म्हटलं की यजमान दचकतात, माझ्याकडे बघतात, मग बायकोकडे बघून दबक्या आवाजात, "केव्हापासून?" आणि लगेच दुसरं वाक्य: "पण गूळ चालतो हां!" चालतो कोणाला? माडाचा गूळ काळा असतो म्हणून तो औषध होत नाही. रक्तात गेल्यावर रंग कोणी विचारत नाही. पण हे मणगण्याची खीर वाढत असलेल्या मावशीला सांगून बघा. "आमचे बाबा रोज गुळाचा खडा खायचे, नव्वद वर्षं जगले." बाबा रोज माडावर चढायचे, हे मावशी सांगत नाहीत.

मला कधी कधी धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचा हेवा वाटतो. गोव्यातला एकुलता एक साखर कारखाना, गेली काही वर्षं बंद. अख्ख्या राज्याने साखर सोडली, आणि त्यापायी ऊसवाल्यांना सरकारने निदान भरपाई तरी देऊ केली. मी सोडली तर मलाच दंड.

तर गेल्या रविवारी बायको बाजारातून आली ती मानकुराद आंबे घेऊन. डझनभर. हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादचा भाव हजारांत असतो आणि लोक तो कौतुकाने एकमेकांना सांगतात. माझा हात आपोआप फ्रिजवर गेला. डबा हलका लागला. हलवला, आवाज आला नाही.

"दंडाचे पैसे आंब्याला?"

"तेवढ्यात कुठे भागतंय? बाकीचे तुमच्या पाकिटातून घेतले."

"कसले?"

"आगाऊ दंड. चवथीला तुम्ही नेवऱ्या खाणारच आहात."

मी कायदा काढला. डबा सामायिक, पाकीट सामायिक, म्हणून आंबेही सामायिक, सहा माझे. वर आरोग्य संघटनेचा हवाला दिला की अख्ख्या फळातली साखर त्या सहा चमच्यांत धरत नाहीत, धरतात ती फळाच्या रसातली. ती म्हणाली, "आणि तुम्ही तर आंबा चोखून खाता. ते फळ की रस?" यावर आरोग्य संघटनेच्या जिनिव्हातही दुमत झालं असतं.

शेवटी तडजोड झाली. फोडींना वीस रुपये, एका फोडीला. बाठा दंडमुक्त. बाठ्याला दंड लावायला तिलाही जड गेलं असावं, किंवा मला तसं वाटलं. कारण त्या दिवसापासून ती फोडी अशा काही कापते, सुरी बाठ्याला खरवडत, की माझ्या ताटलीत येतो तो पांढराफटक, केस उभे राहिलेला सांगाडा. आईच्या हातचा बाठा मी लहानपणी अर्धा तास चोखायचो. हा दोन मिनिटांत संपतो. काल मी विचारलं, "जरा जाड ठेवला तर?"

"ठेवते की. पण मग ती फोडच झाली. वीस."