बाळंत होणाऱ्या बाईचा चेहरा

परवा फोनमधले जुने फोटो चाळत होते. आठव्या महिन्यातलं फोटोशूट: पायघोळ गाऊन, एक हात पोटाखाली, एक वर, नजर खाली. (फोटोग्राफर सारखा ‘मॅडम, रिलॅक्स’ म्हणत होता आणि इकडे माझी कंबर मोडून आली होती.) त्याच्या पुढचाच फोटो दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा. मधल्या 19 तासांचा मागमूस नाही.

कलेतही बहुतेक हेच चालत आलंय, असं माझं मत. पोट चालतं, बाळ चालतं, कळा सोसणारी बाई चालत नाही. तसं पोटही सुखासुखी चाललं नाही म्हणा. क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराने 1903 मध्ये उघडी गरोदर बाई रंगवली, तर चित्र घेणाऱ्याने त्याच्यापुढे दारं बसवून घेतली.

बुद्धजन्माची शिल्पं आठवा. मायादेवी फांदी धरून उभी आणि बाळ तिच्या कुशीतून येतंय, म्हणजे अक्षरशः बरगडीच्या बाजूने! आपल्याकडे कूस म्हणजे गर्भाशयही आणि अंगाची बाजूही. शिल्पकारांनी सोयीची ती घेतली. देवीच्या चेहऱ्यावर एक आठी नाही.

लज्जागौरी या जुन्या मातृदेवीच्या मूर्तींचं नेमकं उलटं. उताणी, गुडघे दुमडून फाकलेले, झाकपाक काही नाही. लोकांनी तिला मनोभावे पुजलं. पण मानेच्या वर बघावं तर डोक्याच्या जागी कमळ. जाणकार त्याला सर्जनाचं प्रतीक म्हणतात. असेलही. मला मात्र दर वेळी वाटतं, हिला ओरडायला तोंड तरी ठेवायचं होतं.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा कालोचं 1932 चं ‘माझा जन्म’ हे चित्र बघून तर मी थबकलेच. पलंगावर बाई, मांड्यांमधून बाळाचं डोकं बाहेर आलेलं, आणि बाईचं तोंड चादरीने झाकलेलं. त्याच वर्षी फ्रिडाचा गर्भ पडला होता, आईही गेली होती. ती चादर लाजेची नाही, शोकाची आहे. तरी चेहरा तिथेही नाहीच.

तर ते 19 तास. खरं म्हणजे एक फोटो होता. नवऱ्याने घाईत काढलेला, हललेला. केस कपाळाला चिकटलेले, दात आवळलेले, नाक फेंदारलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने तो दाखवला आणि विचारलं, “ठेवायचा का गं?”

मीच म्हणाले, “शी, काढून टाक.”