चार फुटी टँक आणि सुटलेलं बॅकग्राउंड: तुमच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मासे गेले आणि एवढ्या मेहनतीचं बॅकग्राउंडही सुटलं, दोन्हीचं मनापासून वाईट वाटलं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून घेतलेला माशांचा चार फुटी टँक आणि चिकटवायचं सिलिकॉन हलक्या दर्जाचं, म्हणून मागच्या काचेला लावलेलं थर्माकोल-सिमेंटच्या खडकांचं बॅकग्राउंड निघून वर आलं. मासे मागितले तर काउंटरवरच्या बाईंनी तोंडावर नाही म्हटलं. शेवटी दुसरीकडून आणलेले इलेक्ट्रिक येलो जातीचे मासे चार दिवसांत गेले, आणि आम्हाला मात्र टेस्ट किट विकण्यातच रस होता. काउंटरवर मीच होते, म्हणून उत्तरही मीच देते. जरा सविस्तर देते, कारण पहिला मोठा टँक लावताना घरीच थर्माकोल-सिमेंटचं बॅकग्राउंड करणारे बरेच जण आमच्याकडे येतात. त्यांनाही हे वाचता येईल.

आधी सिलिकॉन. तुम्हीच टाकलेला मागच्या काचेचा फोटो मोठा करून बघा. काचेवर सिलिकॉनचे गोळे जिथल्या तिथे आहेत आणि प्रत्येकावर थर्माकोलचे पांढरे मणी चिकटलेले आहेत. सिलिकॉनने काच सोडलेली नाही, थर्माकोल फाटला आहे. तो का फाटला, याचा हिशोब सोपा आहे. तुमचं बॅकग्राउंड चार फूट बाय दोन फूट, जाडी सरासरी दोन इंच. म्हणजे साधारण ३७ लिटर आकारमान. ते पाण्यात बुडलं की पाणी त्याला ३७ किलोच्या जोराने वर ढकलतं. थर्माकोलला स्वतःचं वजन जवळजवळ नाहीच. वरच्या सिमेंटचे दहा किलो धरले तरी पंचवीस किलोंहून जास्त ओढ उरते, आणि ती रात्रंदिवस चालू असते. दहा-बारा गोळ्यांवर आणि हलक्या पॅकिंगच्या थर्माकोलवर ती पेलत नाही. टँकच्या जोडांमधून मात्र एक थेंब गळलेला नाही, हे तुमच्याच फोटोंत दिसतं. १२ एमएमचा तो टँक आम्ही पोचवण्याआधी दुकानात काठोकाठ भरून ठेवला होता.

बॅकग्राउंड बसवायची खात्रीची पद्धत आहे. त्याचे दोन किंवा तीन तुकडे करायचे, वरच्या आडव्या काचपट्टीखालून आत घालायचे आणि त्या पट्टीखालीच घट्ट अडकवायचे. मग वर यायला जागाच राहत नाही. तुकड्यांचे जोड खडकाच्या भेगांतून नेले की दिसत नाहीत. चारही कडांना सिलिकॉनची सलग रेघ मारायची, म्हणजे मागच्या पोकळीत मासा शिरून अडकणार नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. बंद जागेतल्या जाड थराला आठवडा सहज लागतो. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन चुकूनही वापरू नये, त्यातलं औषध माशांना घातक असतं.

आता मासे. यावर मला जास्त बोलायचं आहे.

तुम्ही दोन बाटल्या घेऊन आला होतात, एक नळाच्या पाण्याची आणि एक टँकच्या. दोन्ही टेस्ट मी तुमच्यासमोर केल्या. नळाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, साडेसातच्या आसपास होता. टँकच्या पाण्याला हाय रेंज, म्हणजे चढा पीएच मोजणाऱ्या, किटमध्ये थेंब टाकताच नळीत गर्द जांभळा रंग आला. त्या किटच्या कार्डावर शेवटचा जांभळा ८.८ चा आहे, त्यापुढचं ते किट दाखवतच नाही. तुमची नळी त्या चौकोनापेक्षाही गडद होती. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत असतो, त्याने पाणी अकरा-बारा पीएचपर्यंतही जाऊ शकतं. तुमच्या काचेवर पाण्याच्या रेषेला जी पांढरी खर धरली होती ती त्याच चुन्याची.

त्यावर तुम्ही म्हणालात की व्हिडिओत सांगतात, आफ्रिकन सिक्लिडना, म्हणजे येलो ज्या गटातले त्या माशांना, सिमेंट चालतं, त्यांना अल्कधर्मी पाणीच लागतं. हे अर्धं बरोबर आहे. येलो मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, आणि तिथल्या पाण्याचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ असतो. खडकाळ किनाऱ्यावर राहणारे मासे ते, त्यामुळे खडकांचं बॅकग्राउंड ही तुमची निवड अगदी योग्य होती. पण साडेआठ आणि दहा यांत फार मोठं अंतर आहे. पीएचचा एक आकडा चढला की पाण्याचा अल्कधर्मीपणा दहापट होतो.

त्यात भर अमोनियाची. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. त्याचा विषारी भाग किती, ते पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. हा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचा कॅनिस्टर फिल्टर कोरा होता आणि इतक्या चढ्या पीएचला ते बॅक्टेरिया धड वाढतही नाहीत. नव्या टँकमध्ये एकदम आठ मासे सोडले, तर धडधाकट मासेही अशा पाण्यात टिकत नाहीत. ज्यांनी तुम्हाला मासे दिले त्यांचे मासे आजारी होते असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही.

म्हणून मी नाही म्हटलं. पाणी तयार नसताना आमच्या दुकानातून मासा जात नाही. हा नियम सगळ्यांना आहे, शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांनाही. तुम्ही घाईत होतात, घरी मुलं वाट बघत होती, तेव्हा माझं बोलणं लागलं असेल हे मी समजू शकते. पण जिवंत प्राणी विकते, तो तीन-चार दिवसांत मरणार हे समोर दिसत असताना पिशवीत बांधून देणं मला जमणार नाही. किटबद्दल म्हणाल, तर तुम्ही ते घेतलं नाहीत आणि टेस्ट आम्ही फुकटच करून दिली. पुढेही करून देऊ.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. तुमचं काम सुंदर आहे. आडवे थर, मधूनच पुढे आलेले कंगोरे, त्यांच्याखालच्या काळ्या सावल्या. फोटो बघताच मला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवला. काळा ऑक्साइड सिमेंटमध्येच कालवल्यामुळे रंग ओरखड्यानेही जाणार नाही. बरेच जण वरून ऑइल पेंट मारतात, त्यातलं टर्पेंटाइन थर्माकोल खातं. तुम्ही ते टाळलंत. हे बॅकग्राउंड टाकून देऊ नका.

गच्चीवर विटांची चौकट करून त्यात ताडपत्री टाका, की झाला हौद. तुकडे दगडांनी दाबून त्यात बुडवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी पूर्ण बदला. व्हिनेगर ओतून चोवीस तासांत काम होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वरचा थर तेवढ्यापुरता शांत होतो आणि आठवड्यात पीएच पुन्हा चढतो. तीन ते सहा आठवडे धरून चला. हौदातलं पाणी दोन दिवस न बदलता ठेवलं आणि तरी त्याचा पीएच नळाच्या पाण्याइतकाच आला, की बॅकग्राउंड तयार. फाटलेल्या जागी नवा थर द्यायचा असेल तर पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट घ्या, त्यात मोकळा चुना कमी सुटतो. तो थर भिजवायच्या आधीच द्या, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्या काळात कॅनिस्टर रिकामा ठेवायचं कारण नाही. आमच्या चालू टँकमधला जुना स्पंज मी तुम्हाला देते, पैसे नकोत. मोठ्या ड्रममध्ये अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं पाणी भरून फिल्टर त्यावर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, म्हणजे बॅक्टेरिया उपाशी राहणार नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात तेही विषच) दोन्ही शून्यावर आले की येलो आमच्याकडून घेऊन जा. एकदम आठ देणार नाही, आधी तीन-चार, बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी.

रिव्ह्यू बदलावा असा माझा आग्रह नाही. तुकडे आत बसवायच्या दिवशी आमचा मुलगा मदतीला येईल, चार फुटी टँकमध्ये एकट्याने वाकून ते काम होत नाही. रविवार सोडून कधीही दुकानात या. टेस्टसाठी पाणी आणताना बाटली तोंडापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका आणि त्याच दिवशी आणा, म्हणजे पीएच बरोबर कळेल.