बाण उलटा नाही

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय: 'शाळेत शिकवलेली करंटची दिशा खोटी. फ्रँकलिनने घोळ घातला. करंट म्हणजे इलेक्ट्रॉन, ते उलटे वाहतात, म्हणून सगळ्या आकृत्या चुकीच्या.' खाली अंगठ्यांची रांग. मामांचाही अंगठा आहे, म्हणून लिहितोय.

फ्रँकलिनचा घोळ? तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, ऋणाकडून धनाकडे सरकतात, शाळेतल्या बाणाच्या उलट, एवढं खरं. पण अमेरिकन संशोधक बेंजामिन फ्रँकलिनने धन-ऋण ही नावं दिली १७४७च्या सुमारास. जादा विद्युतभार कुठे, याचा तो अंदाज होता. इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसनचा प्रयोग १८९७चा. मधली दीडशे वर्षं त्याच्या माथी का मारायची?

'करंट म्हणजे इलेक्ट्रॉन.' इथे खरी गोची आहे. राजवाड्याजवळच्या एखाद्या ई-रिक्षाची सीट उचलून बघा. लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर आतल्या आम्लात मोकळे इलेक्ट्रॉन वाहतच नाहीत. रिक्षा चालू असताना हायड्रोजनचे धन आयन (विद्युतभार असलेले कण) धन प्लेटकडे जातात आणि सल्फेटचे ऋण आयन ऋण प्लेटकडे. एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्ध. आता मामा, यातली 'खरी' दिशा कोणती? धन भार जाईल ती करंटची दिशा, असं एकदा ठरवलं की ऋण भाराचं उलट जाणंही त्याच खात्यात जमा होतं. हिशेब एकच राहतो.

आकृत्यांचं म्हणाल तर भाच्याला विचारा. त्याने परवाच बटण सेलवर लाल एलईडी लावला. लांब पाय धनाला टेकवला, लागला. उलटा केला, ढिम्म. चिन्हातला बाणही लांब पायाकडून आखूड पायाकडेच असतो. इलेक्ट्रॉन आखूड पायातून शिरतात, म्हणून त्याचं काही अडलं नाही.

आणि नुसते इलेक्ट्रॉनच बघायचे असतील, तर आपल्या कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्या झोताचा करंटही मिलिॲम्पिअरमध्येच मोजतात, आणि रूढ नियमाने (धन भाराची दिशा तीच करंटची) त्याची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट. चुंबक त्यांना कुठे वळवेल हे काढताना उजव्या हाताचा नियम रूढ दिशेने लावा, नाहीतर इलेक्ट्रॉनच्या दिशेने डावा हात धरा. उत्तर तेच येतं.

घरच्या प्लगवर तर हा वाद घालूच नका. तिथे करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो.