चढायचं सोपं, उतरायचं कठीण

मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘लोकलमध्ये चढता येईल ना?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. दादरला संध्याकाळी सहानंतर तुम्ही फक्त दरवाज्यासमोर उभं राहायचं, चढवायचं काम मागचे लोक विनामूल्य करतात. खरी परीक्षा उतरताना असते, आणि तिचा अभ्यास प्लॅटफॉर्मवरच सुरू करावा लागतो.

पहिला धडा इंडिकेटरचा. त्यावर गाडी कुठपर्यंत जाणार, किती वाजताची, किती डब्यांची आणि फास्ट की स्लो, एवढं सगळं असतं. पाहुणा त्यातलं फक्त वेळ वाचतो. मग दादरहून माहीमला जायला निघालेला गृहस्थ फास्ट गाडीत बसतो. माहीम स्टेशन त्याच्या डोळ्यांसमोरून भर्रकन निघून जातं, आणि बांद्र्याला उतरून त्याला स्लो गाडीने एक स्टेशन मागे यावं लागतं. फास्ट गाडी मधली स्टेशनं सोडते हे त्याला माहीत असतं. त्या सोडलेल्यांत आपलंही असेल, असं मात्र कुणालाच वाटत नाही.

डब्यांची संख्याही बघावी. पंधरा डब्यांची गाडी आणि बारा डब्यांची गाडी एकाच जागी थांबत नाहीत, त्यामुळे चुकीच्या टोकाला उभा असलेला माणूस शेवटच्या डब्यामागे धावताना दिसतो. फर्स्ट क्लास आणि लेडीज डब्यांवर तिरके पट्टे असतात. घाईत ते दिसले नाहीत ही सबब टीसीला पटत नाही. सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये उभं राहिलात, तर गर्दी जवळपास तेवढीच मिळते, दंड तेवढा जास्तीचा.

आता बॅग. ती पाठीवर ठेवली की तुम्ही दोन माणसांची जागा अडवता आणि मागचा तुम्हाला ते ऐकवतो. चढण्याआधीच बॅग पोटावर घ्या. मोबाइल आतल्या खिशात. पाणी प्यायचं असेल तर प्लॅटफॉर्मवरच प्या, कारण आत एकदा खाली गेलेला हात वर आणायला पुढचं स्टेशन यावं लागतं.

बसायला मिळेल ही आशा धरू नये, पण पद्धत माहीत असावी. बसलेल्या माणसाला ‘कुठे?’ एवढंच विचारायचं. तो ‘ठाणे’ म्हणाला की ती जागा ठाण्यापासून तुमची. लेखी काही नाही, साक्षीदार नाहीत, तरी हा करार सहसा मोडत नाही. तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ म्हणून जी जागा मिळते, तिच्यावर अर्धा माणूस मावतो. उरलेला अर्धा पायांवर तोलायचा. सरकारी भाषेत ही सीट अस्तित्वातच नाही, हे तिथे बसल्यावर पटतं.

आणि मुख्य विषय. तुमच्या स्टेशनच्या आधीचं स्टेशन गेलं की, म्हणजे गाडीत सगळे शांत उभे असतानाच, दाराकडे सरकायला लागा. गाडी स्टेशनात थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट, आणि त्यातला बराचसा वेळ चढणाऱ्यांच्या मालकीचा असतो. पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावून ‘उतरणार का?’ विचारा. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे चिकटून राहा. ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याशी जागा बदला, तो आनंदाने बदलतो. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा, कारण चुकीच्या दारापाशी पोहोचणं म्हणजे सगळी तयारी भिंतीसमोर करणं. सभ्यपणे ‘आधी तुम्ही’ म्हणणारा पाहुणा सरळ पुढच्या स्टेशनवर जाऊन उतरतो. गर्दीच्या वेळी लांब विरारला जाणाऱ्या गाडीत वाटेतल्या बोरिवलीसाठी चढू नये, हा सल्ला तर लोक न विचारताच देतात, कधी कधी जरा मोठ्या आवाजात.

गाडी पूर्ण थांबण्याआधी उडी मारणारे दिसतील. ते रोजचे आहेत, आपण पाहुणे आहोत. त्यांचं बघून पाय बाहेर टाकू नये. डबा आणि प्लॅटफॉर्म यांच्यामधली फट पाहुण्याची वेगळी गय करत नाही.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद ठेवतात. त्या दिवशी फास्ट गाड्या स्लो मार्गावरून धावतात, काही रद्द होतात, आणि ‘आज सुट्टी, गर्दी नसेल’ म्हणून मुलाबाळांसह निघालेलं अख्खं कुटुंब आठवडाभराच्या गर्दीचा अनुभव एका दुपारी घेतं. आदल्या दिवशी वेळा बघून ठेवाव्यात.

उतरलात की थांबू नका. पुलाच्या पायऱ्यांवर मोबाइल काढून नकाशा बघणाऱ्याला मागची रांग नकाशावरूनच पुसते. ईस्टला जायचं की वेस्टला हे आधी ठरवा, कारण दादरचं फुलमार्केट वेस्टला आहे आणि ईस्टच्या रस्त्यावर कितीही फिरलात तरी झेंडू मिळेल, मार्केट मिळणार नाही. अडलात तर खुशाल विचारा. मुंबईकर रस्ता नक्की सांगतो, फक्त थांबून सांगत नाही. त्याच्या बरोबरीने चालत ऐकावं लागतं, आणि कधी कधी उत्तर संपेपर्यंत आपण त्याच्याच ऑफिसच्या दारात पोहोचलेलो असतो.