पाण्यात पाहणे

गेले तीन आठवडे मी आणि नवरा एकमेकांना पाण्यात पाहतोय. निमित्त कॅमेऱ्याचं. दिवाळीनंतर मालवणला जायचं, स्नॉर्केलिंग करायचं आणि माशांचे फोटो आपणच काढायचे, असं ठरलं होतं. माशांनी काही कळवलं नव्हतं.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचा फोन वॉटरप्रूफ आहे की!" आहे, पण त्याची परीक्षा गोड्या पाण्यात झालेली. समुद्र म्हणजे सिलॅबसच्या बाहेरचा पेपर. मग फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसले. पाण्यात टचस्क्रीनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही. फोटो एकही निघाला नाही. बाहेर काढला तेव्हा मावससासूबाईंना फोन लागलेला होता.

मग नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला, कोणता कॅमेरा पाण्यात किती खोल चालतो त्याचा. गोप्रो वरचं कवच न घालता 10 मीटर, ऑलिम्पस टीजी-6 15 मीटर, निकॉनचा डब्ल्यू 300 थेट 30 मीटर. दर 10 मीटरला हवेच्या दाबाइतका दाब आणखी वाढतो, हे त्याने मी पोळ्या लाटत असताना समजावलं. त्यामुळे 30 वालाच घ्यायचा, म्हणे. अरे, पण स्नॉर्केलिंगमध्ये तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात! नळीचं टोक वर राहिलं तरच श्वास. मग खोली किती, तर माझा हात पोचेल तेवढी. "आणि हातातून सुटला तर?" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तरंगणारा पट्टा यादीत चढला.

टीजी-6 म्हणे 2.1 मीटरवरून पडला तरी चालतो, 100 किलोचा भार सोसतो आणि उणे 10 अंशांतही काम करतो. इतका सोशिक जीव या घरात माझ्यानंतर हाच. मी तिथेच पसंती दिली.

पेठेतल्या दुकानदाराने कॅमेरा काचेवर ठेवला, पण हात काढला नाही.

"पाण्यात चालेल ना?"

"वॉटरप्रूफ आहे."

"आणि आत पाणी गेलं तर?"

"वॉरंटीत बसत नाही."

"मग जाणार नाही ना?"

"झाकण नीट लावलंत तर नाही."

"नीट लागलंय हे कळणार कसं?"

"पाणी गेलं नाही की कळतं."

एवढं बोलून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजायला सात मिनिटं होती. घेतला.

सगळी मदार त्या बॅटरीच्या झाकणामागच्या रबरी सीलवर. तिथे एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. निघायच्या आदल्या रात्री मी नवऱ्याचा चष्मा भिंगासारखा धरून ते सील न्याहाळत होते, तर कडेला काहीतरी पांढुरकं. वाळू? आम्ही तर अजून पुण्यातच. नखाने उचलून पाहिलं, खसखस होती. तक्ता करता करता बाकरवडी कोणी खाल्ली, हे मी विचारलं नाही. कापसाच्या बोळ्याने सील पुसलं, कॅमेरा तासभर बादलीत बुडवला आणि समोर स्टूल टाकून बसले. बाळाच्या पहिल्या अंघोळीला इतका जीव टांगणीला लागला नव्हता.

मालवणच्या समुद्रात एकशे बारा फोटो काढले. साठांत माझा अंगठा. फ्लॅश चालू राहिला त्या फोटोंत पाण्यातला गाळ असा उजळलाय, की कोणी माशांवर रवा भुरभुरलाय असं वाटावं. पाणी लाल रंग आधी गिळतं, त्यामुळे थोडं खोल गेलेल्या नवऱ्याची लालभडक चड्डी फोटोत शेवाळी दिसते. लक्ष्मी रोडवर अर्धा तास घासाघीस करून घेतलेली! माशाचा फोटो एकच, त्यातही शेपटीच.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर कॅमेरा लगेच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, नाहीतर बटणांत मीठ धरतं. मालवणात सामान बांधायच्या गडबडीत ते राहून गेलं. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाणून घरी पोचलो तो गुरुवार, आणि नळ कोरडे. घरात पिण्याच्या पाण्याची एक कळशी तेवढी भरलेली. त्यातलं अर्धं पाणी पातेल्यात ओतून कॅमेरा सोडला. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"आणि माझी अंघोळ?"

"तुझ्या बटणांत मीठ धरत नाही," मी म्हटलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.