डॉट कॉमचा सातबारा

यंदा देवगडच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचा, दलालाचं तोंड बघायचं नाही, असं घरात ठरलं. पेट्या आल्या, पेंढा आला, राहिली फक्त वेबसाइट. गावाचं नाव, पुढे हापूस, पुढे डॉट कॉम. पुतण्याने टाइप केलं आणि म्हणाला, "काका, हे गेलंय."

उघडलं तर कोरं पान आणि वर 'हे डोमेन विकणे आहे'. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ना आंबा, ना कोकम. आईने चष्मा लावून बघितलं. "जागा घेतल्यान आणि साधी पडवी पण नाय घातल्यान?"

पडीक जागेचं आम्हाला नवल नाही. अर्ध्या वाडीला कुलूप, मालक मुंबईत. पण सातबारा काढला की निदान सतरा नावं तरी कळतात. मग त्यांच्या सह्या गोळा करण्यात जन्म जातो, ते सोडा. डोमेनच्या सातबाऱ्याला हूइज म्हणतात. त्यावर पूर्वी मालकाचं नाव, पत्ता, फोन, सगळं असायचं. 2018 मध्ये युरोपात खाजगी माहितीचा कायदा लागू झाला आणि बहुतेक नावं झाकली गेली. आम्हाला दिसलं एवढंच: नोंदणी 2011ची, मुदत संपायची तारीख, आणि मालकाच्या रकान्यात 'रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी'.

"प्रायव्हसी म्हणजे खंयचे रे? मालवणचे?" आई.

पानावरच्या फॉर्मातून विचारणा केली. उत्तर आलं, 2,500 डॉलर. कोणी न घेतलेलं डॉट कॉम वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळतं! मी शंभर डॉलर म्हटलं. ते 2,400 वर आले, वर हसरा चेहरा. "पैसे एस्क्रोत ठेवायचे काका," पुतण्या समजावू लागला, "म्हणजे मधला माणूस सांभाळतो, नाव आपल्या हातात आलं की मालकाला देतो, स्वतःचं कमिशन कापून."

म्हणजे पुन्हा दलालच की!

वकिलाकडे गेलो. डोमेनच्या भांडणात यूडीआरपी नावाची तक्रार करता येते, पण आपला ट्रेडमार्क हवा आणि समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतलं हे सिद्ध करायला हवं. ती तक्रार ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या संस्थेची फी 1,500 डॉलरपासून पुढे. ट्रेडमार्क आमच्याकडे कुठला? गावाचं नाव काय आमच्या आजोबांनी ठेवलंय?

मग मुदत संपायची वाट बघायचं ठरलं. पण डोमेन सहजासहजी मरत नाही. मुदतीनंतर नोंदणीवाला 45 दिवसांपर्यंत ते ठेवून घेऊ शकतो, पुढे 30 दिवस जुना मालक दंड भरून सोडवू शकतो, मग 5 दिवस नुसतं पडून. माणसाचं तेराव्याला आटपतं! बरं, एवढं होऊन सुटलं तरी झडप घालायला लोकांचे प्रोग्राम टपलेले. त्यांच्यापुढे आमचं गावातलं नेटवर्क म्हणजे, जाऊ दे. तारीख उजाडली आणि मालकाने मुदत वाढवून घेतली. एकदम 10 वर्षं. त्याहून जास्त देत नाहीत, नाहीतर तीही घेतली असती.

पुतण्याने डॉट भारत सुचवलं. 2014 पासून देवनागरीत मिळतं. पण देवनागरीत वेबसाइटचं नाव टाइप करणारं गिऱ्हाईक आणायचं कुठून? शेवटी डॉट इनवर एकमत झालं. ते मोकळं होतं. एकत्र कुटुंब आहे, सगळ्या हिस्सेदारांना विचारून घेऊ म्हणून मी फॅमिली ग्रुपवर नाव टाकलं. जेवून येईपर्यंत डॉट इनही गेलं.

रात्री डोंबिवलीच्या चुलतभावाचा मेसेज आला: "मी घेऊन ठेवलंय. किमतीचं गणपतीत येईन तेव्हा बोलू."