मुख्यालयी न राहणाऱ्यांविषयी

आमच्या घरच्या ग्रुपवर गुरुजींचा विषय अधूनमधून निघतोच, आणि तो नेहमी नानाकाका काढतात. या वेळीही तेच जुनं गाऱ्हाणं: जिल्हा परिषदेचे शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहत नाहीत, तालुक्याला राहून अपडाऊन करतात आणि वर घरभाडे भत्ता घेतात. 2022च्या पावसाळी अधिवेशनात आमदार प्रशांत बंब यांनी हा मुद्दा मांडला. त्याच सुमारास ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गावर्गात शिक्षकांचे फोटो लावायचा आदेश आला. मोर्चे निघाले, ओरड झाली, पुढे सगळं थंडावलं. आमच्या ग्रुपवर मात्र अधिवेशन अजून चालूच आहे. ‘फुकटचा पगार’ हा काकांचा ठरलेला समारोप. काका स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यावर मी एक वाक्य लिहिलं आणि खोडलं.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. इथे मेच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात शिक्षकांचं कौतुक असतं. नॅशनल पीटीए या पालक-शिक्षकांच्या संघटनेने 1984मध्ये ही प्रथा सुरू केली. एप्रिल संपता संपता रूम पेरेंटची, म्हणजे वर्गाचे कार्यक्रम बघणाऱ्या पालकाची, साइन-अप शीट येते. सोमवारी फुलं, मंगळवारी मुलांच्या हातच्या चिठ्ठ्या, बुधवारी स्टाफला जेवण. माझ्या वाट्याला सामोसे येतात, दरवर्षी. लेकीच्या वर्गाच्या दारावर मिसचा फोटो असतो आणि खाली आवडीनिवडींचा तक्ता: कॉफी डंकिनची, मेणबत्ती व्हॅनिलाची, चॉकलेट डार्क, शेंगदाण्याची ॲलर्जी. म्हणजे फोटो इथेही आणि फोटो तिथेही. काकांना विचारलं, तिकडे फोटो कशाला हवा? म्हणाले, गुरुजींच्या जागी पाच हजारावर दुसराच पोरगा शिकवत नाही ना, ते गावाला कळावं म्हणून.

याच उत्तराने माझं डोकं फिरलं.

आमच्या मिस रोज टॉम्स रिव्हर या दूरच्या गावाहून पार्कवे या हायवेने गाडी चालवत येतात. सकाळी तासभर, परतताना त्याहून जास्त. एडिसनमधलं घर त्यांच्या पगारात बसत नाही, हे सगळ्या पालकांना ठाऊक आहे. तुम्ही गावात का राहत नाही, असं त्यांना कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. न्यू जर्सीतही 2011मध्ये कायदा झाला, सरकारी नोकरदारांना राहायची सक्ती करणारा. पण सक्ती राज्यात राहायची. कुठल्याही कोपऱ्यात राहा. आणि शाळेत कोणी हल्लेखोर शिरला तर काय करायचं याची महिन्याची सिक्युरिटी ड्रिल असते, तेव्हा दिवे मालवून, दार लावून, चोवीस पोरांना कोपऱ्यात चिडीचूप बसवणारी बाई कोणत्या गावची, याने कोणाला काय फरक पडतो? लेक घरी येऊन सांगते, मिस दाराच्या बाजूला बसतात. आम्ही आतल्या बाजूला.

काकांना हे सगळं लिहून पाठवलं. काही गोष्टी मात्र पाठवल्या नाहीत. वर्गातले टिश्यूचे डबे, पेन्सिली, बक्षिसाचे स्टिकर मिस स्वतःच्या पैशांनी आणतात. 2022मध्ये सरकार त्यापोटी करपात्र उत्पन्नातून जास्तीत जास्त 300 डॉलर वजा करू देत होतं. त्याआधी तर 250च होते. आम्ही टार्गेट या दुकानाची गिफ्ट कार्डं देतो, दारावर फुलं चिकटवतो आणि त्यांच्या पगाराचा विषय काही काढत नाही. सामोशांत भागतं. हे काकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथेच धरलं असतं.

बरं, तिकडच्या शिक्षकांकडून आपण काय काय करून घेतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27मध्ये स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून त्यांना दुसरं काम द्यायचं नाही. ही सवलतच एवढी ऐसपैस आहे की तिच्यात अख्खं वर्ष मावतं. शिवाय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचं काम, आणि ‘आजच्या आज पाठवा’ असा केंद्रप्रमुखांचा मेसेज. नवीन शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, प्राथमिक शाळेत 2023पर्यंत महिना 6000 रुपये मिळत. मग ते 16000 झाले. त्या 6000 मध्ये मुख्यालयी राहून दाखवा म्हणावं.

माझी आई अपडाऊन करायची. बार्शीहून सकाळची एसटी, फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालत. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. पर्समध्ये खडूचा तुकडा, पिशवीत टाचणवही, आणि पावसाळ्यात चपला हातात. संध्याकाळची गाडी चुकली तर जीपच्या मागे लटकून यायची. घरभाडे भत्ता घ्यायची का? घ्यायची. त्यासाठी लागणारा गावात राहत असल्याचा दाखला गावातून कसा मिळतो, हे सगळ्या गावांना माहीत असतं. वाडीत राहिली असती तर मी चौथीनंतर कुठे शिकले असते, हे काकांनी सांगावं. माझं इंग्रजी, माझी डिग्री, इथलं घर, सगळं त्या भत्त्यावर आणि त्या एसटीच्या पासावर उभं आहे. म्हणून मला हा विषय नेमस्तपणे बोलता येत नाही. अमेरिकेचे दाखले मी देते खरे, पण भांडते आईच्या बाजूने.

आणि मी भांडते ते तरी कुठून? एडिसनमध्ये मी प्रॉपर्टी टॅक्स भरते, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. पण ग्रीन कार्डवर असल्यामुळे स्कूल बोर्डाला मत देता येत नाही. राहिलं बार्शीचं मत. तर मध्यंतरी आईकडे बीएलओ, म्हणजे मतदार यादी तपासणारी अधिकारी, म्हणून एक शिक्षिका यादी घेऊन आल्या. बुधवार, सकाळचे अकरा, ऐन शाळेची वेळ. आईने चहा केला, दोघींनी बदल्यांच्या गप्पा मारल्या. मग बाईंनी माझ्या नावावर पेन ठेवून विचारलं, या इथे राहतात का? आई खोटं बोलली नाही. परदेशस्थ मतदारासाठी 6ए नावाचा फॉर्म असतो, तो भरता येईल असंही बाईंनी सांगितलं. पण मत द्यायला बार्शीलाच यावं लागतं.

हे मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: बघ, एक तरी बाई काम करताना सापडली.

मी विचारलं, आणि वर्गावर कोण होतं?

त्यावर काकांनी अजून काही लिहिलेलं नाही.